ई-पुस्तकाचा संदर्भ कसा द्यावा : सीमाभागातील मराठी संशोधकांसाठी

गेल्या पावसाळ्यात खानापूर तालुक्यातील एक संशोधक विद्यार्थिनी आपल्या प्रबंधाचे तिसरे प्रकरण घेऊन माझ्याकडे आली. एका अवतरणाखाली तिने ‘पृ. १३४’ अशी तळटीप दिली होती. मात्र ग्रंथालयातून मी मुद्दाम काढून ठेवलेल्या छापील प्रतीत त्या पानावर ते वाक्य नव्हते. तिने मोबाइल काढला, ॲप उघडले आणि वाक्य शोधून दाखवले. खालच्या कोपऱ्यात आकडा होता १८९. ‘सर, परवापर्यंत एकशे चौतीसच होतं की ओ,’ ती गोंधळून म्हणाली. कारण साधे होते. येता-जाता एसटीत वाचता यावे म्हणून तिने अक्षरे मोठी करून घेतली होती. तिलाच मी अक्षरांचा आकार दोन पायऱ्यांनी कमी करायला सांगितले, आणि पान पुन्हा १३४ झाले. छापील प्रतीत तेच वाक्य ९७व्या पानावर सापडले.

तिने खोटे काहीच लिहिले नव्हते, तरीही तिच्या तळटीपेवरून जगातील दुसऱ्या कोणालाही ते वाक्य सापडले नसते. संदर्भ देण्याचा हेतू लेखकाला श्रेय देण्याबरोबरच, वाचणाऱ्याने आपल्या मागोमाग त्याच ओळीपर्यंत पोहोचावे हाही असतो. म्हणून ई-पुस्तकाच्या बाबतीत दोन प्रश्नांची उत्तरे नोंदीतून मिळालीच पाहिजेत : आपण नेमकी कोणती प्रत वाचली, आणि त्या प्रतीत ती जागा कशी ओळखावी. स्वल्पविराम कोठे द्यावा आणि वर्ष कंसात घालावे की नाही, हे ज्या त्या शैलीचे प्रश्न आहेत आणि ते मार्गदर्शकांना किंवा नियतकालिकाच्या संपादकांना एकदा विचारले की सुटतात. वरील दोन प्रश्न मात्र संशोधकाने स्वतःच सोडवायचे असतात.

आधी पुस्तकाची जात ओळखावी

‘ई-पुस्तक’ या एका शब्दाखाली आपण निदान तीन निरनिराळ्या वस्तू मोडतो. पहिली म्हणजे छापील पुस्तकाची स्कॅन केलेली प्रत, जिच्यात मूळ पानाचे छायाचित्रच पडद्यावर दिसते. दुसरी म्हणजे संगणकावर जुळवलेली पण पाने कायम असलेली पीडीएफ. तिसरी म्हणजे ईपब किंवा किंडलवरील पुस्तक, ज्यात मजकूर पडद्याच्या मापाप्रमाणे वाहतो आणि अक्षरांचा आकार बदलला की पानेही बदलतात. ओळखायची सोपी रीत अशी की अक्षरे मोठी करून पाहावीत : ओळी नव्याने जुळल्या तर ते तिसऱ्या जातीचे पुस्तक आहे, आणि संपूर्ण पानच भिंगाखाली धरल्यासारखे मोठे झाले तर पहिल्या किंवा दुसऱ्या जातीचे.

स्कॅन प्रत हे वस्तुतः छापील पुस्तकच असते, फक्त ते हातात नसून पडद्यावर असते. त्यामुळे तिची नोंद मूळ आवृत्तीप्रमाणे करावी आणि ती कोठे पाहिली ते शेवटी सांगावे. बेळगाव जिल्ह्यावर काम करणाऱ्या जवळपास प्रत्येकाला कधी ना कधी मुंबई इलाख्याच्या जुन्या गॅझेटिअरचा एकविसावा खंड उघडावा लागतो आणि आज तो बहुतेक जण इंटरनेट अर्काइव्ह या मोफत डिजिटल ग्रंथसंग्रहातच उघडतात. त्याची नोंद साधारण अशी होईल (मूळ ग्रंथ इंग्रजी असल्याने प्रत्यक्ष सूचीत ती रोमन लिपीत द्यावी; येथे केवळ घटकांचा क्रम दाखवण्यासाठी देवनागरीत दिली आहे) :

कॅम्पबेल, जेम्स एम. (संपा.), १८८४, गॅझेटिअर ऑफ द बॉम्बे प्रेसिडेन्सी, खंड २१ : बेळगाम, मुंबई : गव्हर्नमेंट सेंट्रल प्रेस, स्कॅन प्रत, इंटरनेट अर्काइव्ह.

यानंतर त्या प्रतीचा संकेतस्थळावरील पत्ता यावा. या नोंदीतील प्रत्येक गोष्ट पुस्तकाच्या मुखपृष्ठाच्या आतील पानावरून, म्हणजे शीर्षकपृष्ठावरून घ्यावी. संकेतस्थळाने शेजारी दिलेल्या माहितीवरून घेऊ नये. हा आग्रह मी उगीच धरत नाही. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाच्या प्रकल्पात स्कॅन झालेली असंख्य जुनी मराठी पुस्तके आज अर्काइव्हवर आहेत, पण त्यांची नावे अनेकदा ओळखू न येणाऱ्या रोमन स्पेलिंगमध्ये लिहिलेली असतात, लेखकाच्या जागी कधी संपादकाचे तर कधी देणगीदार ग्रंथालयाचे नाव असते, आणि वर्ष चुकलेले असते. त्याहून मोठा सापळा असा की या प्रतींच्या ओळखक्रमांकात ‘२०१५’ हा आकडा येतो. तो पुस्तकाच्या प्रकाशनाशी काहीएक संबंध नसलेला आकडा आहे. तरीही एकोणिसाव्या शतकातील ग्रंथापुढे ‘२०१५’ हे प्रकाशनवर्ष लावलेल्या सूच्या मी तपासल्या आहेत, आणि पहिली अशी सूची पाहताना, खरे सांगायचे तर, चूक माझ्याही लक्षात आली नव्हती.

जुन्या मराठी पुस्तकाच्या शीर्षकपृष्ठावर पुष्कळदा केवळ शकाचे वर्ष असते. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण शक चैत्रात सुरू होत असल्याने जानेवारीपासून चैत्रापर्यंतच्या काळासाठी ७९ मिळवावे लागतात. महिना दिलेला नसेल तर अंदाजाने एकच वर्ष ठोकून न देता ‘शके १८०६ (१८८४-८५)’ असे लिहिणे प्रामाणिकपणाचे ठरते.

पानाच्या क्रमांकातही स्कॅन प्रत फसवते. पीडीएफ वाचणारे ॲप खाली ‘२३७ पैकी २१९’ असे काहीतरी दाखवते. तो आकडा फाइलमधील पानांचा असतो. त्यात मुखपृष्ठ, कोरी पाने, अनुक्रमणिका, प्रस्तावना असे सारे मोजलेले असते. संदर्भात मात्र पानावर छापलेला क्रमांकच द्यावा. मराठी ग्रंथांत प्रस्तावनेची पाने पुष्कळदा आकड्यांऐवजी अक्षरांत छापतात, एक, दोन, तीन अशी. त्या वेळी ‘पृ. अठरा’ असेच लिहावे, ‘पृ. १८’ लिहू नये, कारण मुख्य मजकुरातही एक १८वे पान असतेच आणि वाचणारा नेमका तेथे जाऊन पोहोचतो.

पाने वाहतात तेथे

ईपब आणि किंडलच्या पुस्तकांबाबत संदर्भ देण्याच्या प्रमुख शैलींचे, म्हणजे एपीए, एमएलए आणि शिकागो यांचे, म्हणणे आज बरेचसे एकच आहे. एपीए शैलीची २०१९ मध्ये आलेली सातवी आवृत्ती किंडलचे लोकेशन क्रमांक (मजकुरातील जागा दाखवणारे किंडलचे स्वतःचे आकडे) देऊ नका असे सांगते. त्याऐवजी प्रकरण, उपशीर्षक आणि परिच्छेदाचा क्रमांक द्यावा. एमएलएचा कलही तसाच आहे : एका यंत्रापुरते मर्यादित असलेले आकडे टाळावेत आणि प्रकरणांना क्रमांक असतील तर ते द्यावेत. शिकागो शैलीही प्रकरण किंवा शीर्षकाला पसंती देते. तेव्हा खानापूरच्या त्या विद्यार्थिनीची तळटीप पुढील नमुन्यावर बसवता आली असती :

लेखकाचे आडनाव, प्रकरण ३, ‘उपशीर्षक’, परिच्छेद ५.

परिच्छेद उपशीर्षकापासून मोजावेत, प्रकरणाच्या आरंभापासून नव्हे. नाहीतर ‘परिच्छेद ८३’ असा संदर्भ तयार होतो, आणि तो मोजत बसण्याची सहनशक्ती कोणत्याही परीक्षकाकडे नसते. उपशीर्षके नसतील, जसे कादंबरीत बहुधा नसतात, तर प्रकरण सांगून अवतरणाचे पहिले दोन-तीन शब्द मजकुरातच येतील अशी वाक्यरचना करावी. ई-पुस्तकात शब्द शोधण्याची सोय असते, त्यामुळे नेमके अवतरण हाच तेथे उत्तम पत्ता ठरतो. अवतरणात एक अक्षर जरी बदलले तरी शोध फसतो, हे मात्र लक्षात ठेवावे.

काही ई-पुस्तकांत छापील आवृत्तीचे पृष्ठक्रमांक मुद्दाम बसवलेले असतात. किंडलने ही सोय २०११ मध्ये आणली आणि ईपबमध्येही प्रकाशकाला अशी पृष्ठसूची घालता येते. असे क्रमांक अक्षरे मोठी केल्यावर बदलत नाहीत. ते ओळखण्याची तीच खूण. ते असतील तर बिनधास्त वापरावेत, पण ते कोणत्या छापील आवृत्तीचे आहेत हे पुस्तकाच्या माहितीत पाहून घ्यावे, कारण पहिल्या आणि चौथ्या आवृत्तीची पाने सहसा जुळत नाहीत. छापील आणि ई-आवृत्तीचे आयएसबीएन (पुस्तकाचे ओळखक्रमांक) निराळे असतात, तेव्हा कोणती प्रत हाती आहे याची खात्री त्या क्रमांकावरून करता येते. सूचीत मात्र आयएसबीएन देण्याची गरज नसते.

सूचीतील नोंदीत ‘किंडल’ किंवा ‘ईपब’ हे शब्द घालावेत की नाही, यावर शैलींचे एकमत नाही. एपीएच्या सातव्या आवृत्तीने ते काढून टाकले. ई-आवृत्तीचा मजकूर छापील आवृत्तीहून वेगळा असेल तरच ते लिहावे असा तिचा संकेत आहे. एमएलएच्या २०२१ मधील नवव्या आवृत्तीत ग्रंथनामानंतर ‘ई-पुस्तक आवृत्ती’ असा उल्लेख येतो. शिकागोत नोंदीच्या शेवटी स्वरूपाचे नाव किंवा पत्ता येतो. माझे स्वतःचे मत असे की मराठी पुस्तकांसाठी, शैली काहीही म्हणो, स्वरूप सांगावेच. आपल्याकडे छापील आवृत्ती आणि ई-आवृत्ती यांतील फरक कोठे नोंदवलेला नसतो, प्रस्तावना गाळलेली असते, शुद्धलेखन बदललेले असते, आणि ते सारे शोधून काढायला वाचकाला हा एक शब्द पुरतो. प्रकाशनस्थळाचेही तसेच आहे : एपीएने ते २०१९ मध्ये वगळले, २०२४ च्या अठराव्या आवृत्तीपासून शिकागोनेही ते अनिवार्य ठेवलेले नाही, पण सीमाभागाच्या अभ्यासात पुस्तक बेळगावात छापले, कोल्हापुरात की धारवाडात, ही गोष्ट पुष्कळदा माहितीचाच भाग असते.

श्राव्य पुस्तक वापरले असेल तर ते वाचून ऐकवणाऱ्याचे नाव आणि अवतरणाची वेळ (तास, मिनिट, सेकंद) द्यावी. मराठी विश्वकोशाची नोंद संकेतस्थळावर वाचली असेल तर छापील खंडाचे पान शोधून चिकटवू नये. नोंदीखाली तिच्या लेखकाचे नाव असते, ते घ्यावे आणि ऑनलाइन नोंद म्हणूनच तिचा निर्देश करावा. शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहातील प्रबंध हे पुस्तक नव्हे. त्याची नोंद पीएच.डी. प्रबंध म्हणून, विद्यापीठाच्या नावासह करावी.

पत्ता, दुवा आणि अंक

पुस्तकाला डीओआय, म्हणजे डिजिटल प्रकाशनाचा कायमचा ओळखक्रमांक, असेल तर तोच द्यावा, कारण प्रकाशकाने संकेतस्थळ बदलले तरी तो क्रमांक योग्य जागी नेतो. नसेल तर संकेतस्थळावरील कायमचा पत्ता घ्यावा. महाविद्यालयाच्या लॉगिनमधून, उदाहरणार्थ महाविद्यालयांना ई-साहित्य पुरवणाऱ्या एन-लिस्ट योजनेच्या सदस्यत्वातून, उघडलेल्या पुस्तकाचा ब्राउझरमधील पत्ता जसाच्या तसा चिकटवणे ही फार आढळणारी चूक आहे. तो पुष्कळदा आपल्या लॉगिनपुरताच चालतो आणि दुसऱ्याने उघडल्यावर त्याला पासवर्ड विचारला जातो. अशा वेळी पुस्तकाच्या पानावर डीओआय शोधावा, आणि तो नसल्यास प्रकाशकाच्या संकेतस्थळाचा पत्ता द्यावा.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी एक बारीकशी पण महत्त्वाची सूचना : संपूर्ण प्रबंधात आपण देवनागरी अंक वापरत असलो, तरी डीओआय, आयएसबीएन आणि संकेतस्थळाचे पत्ते यांतील अंक इंग्रजीच ठेवावेत. टंकलेखन करून देणारा माणूस ‘सगळे अंक मराठी करा’ या सूचनेचे पालन करताना तेही बदलतो, आणि मग छान छापलेला दुवा कधीच उघडत नाही. छपाईला देण्यापूर्वी सूचीतील प्रत्येक दुवा एकदा दाबून पाहावा. सरकारी संकेतस्थळांवरील पीडीएफ जागा बदलतात, म्हणून त्यांची एक प्रत इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये जतन करून तो पत्ता सोबत द्यावा. पाहिल्याचा दिनांक स्थिर पुस्तकाला लागत नाही; बदलत राहणाऱ्या मजकुराला तो द्यावाच.

व्हॉट्सॲप किंवा टेलिग्रामवरून आलेल्या पीडीएफबद्दल थोडक्यात सांगायचे तर, ती वाचून सुगावा लागला तरी तिचा संदर्भ देऊ नये. बहुधा तिचे शीर्षकपृष्ठच गायब असते. ग्रंथालयातील प्रत काढावी, ओळ पडताळावी आणि त्या प्रतीचे पान द्यावे.

बेळगाव की बेळगावी

सीमाभागातील माणसाला हे नाव कसे लिहावे हा प्रश्न केवळ सूचीचा नसतो, पण सूचीपुरते त्याचे उत्तर सोपे आहे : पुस्तकावर जे छापले आहे ते लिहावे. इंग्रजीत ‘बेलगाम’चे ‘बेलगावी’ १ नोव्हेंबर २०१४ रोजी अधिकृतपणे झाले. त्यापूर्वीच्या पुस्तकाला नवे नाव लावणे किंवा त्यानंतरच्या पुस्तकावरील नाव आपल्या पसंतीने बदलणे, दोन्ही चूक. आपल्या स्वतःच्या लेखनात कोणते नाव वापरायचे हे आपण ठरवावे. नोंद मात्र पुस्तकाची असते.

शासकीय प्रकाशनांत ही काळजी अधिकच लागते, कारण तेथे शासन हेच लेखक असते. आपला बेळगाव जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, त्यानंतर म्हैसूर राज्यात, आणि त्या राज्याचे नाव १ नोव्हेंबर १९७३ रोजी कर्नाटक झाले. म्हणून १९६० च्या दशकातील प्रकाशनाचा लेखक ‘कर्नाटक शासन’ असू शकत नाही. १९६६ मध्ये नेमलेल्या आणि १९६७ मध्ये अहवाल देणाऱ्या, सीमावादावरील महाजन आयोगाच्या नावातही वाद ‘महाराष्ट्र, म्हैसूर आणि केरळ’ यांचा आहे. पीडीएफ उतरवून घेताना फाइलला कोणीतरी ‘कर्नाटक’ असे नाव दिलेले असले, तरी सूचीत ते येता कामा नये.

कन्नड ई-पुस्तके आपल्याला टाळता येत नाहीत आणि टाळूही नयेत. त्यांतील लेखकनामे उलटवताना मराठी सवय आड येते. आपल्याकडे स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम असतो. कन्नडमध्ये आरंभीची आद्याक्षरे गावाची आणि वडिलांची, आणि शेवटी स्वतःचे नाव, असेही असते. एस. एल. भैरप्पा यांच्या नावातील ‘एस.’ म्हणजे संतेशिवर हे गाव. सूचीत ‘भैरप्पा, एस. एल.’ असेच येईल, पण मजकुरात त्यांना आडनावाने संबोधतो आहोत अशा समजुतीने लिहू नये. ‘कुवेंपु’ हे तर कुप्पळ्ळी वेंकटप्पा पुट्टप्पा यातून घडलेले टोपणनाव. ते आपल्या ‘कुसुमाग्रज’प्रमाणे अखंड ठेवावे, उलटवू नये.

तळटीपांची पद्धत असेल तर सूचीचे मराठी, कन्नड आणि इंग्रजी असे विभाग करावेत. कंसात लेखक आणि वर्ष देण्याची पद्धत असेल तर सूची एकच ठेवावी लागते, कारण वाचकाला नाव कोणत्या विभागात शोधायचे हे आधी कळत नाही. इंग्रजी शोधनिबंधात मराठी ग्रंथनाम रोमन लिपीत आणि त्यापुढे चौकटी कंसात इंग्रजी अर्थ द्यावा. लिप्यंतरासाठी २००१ चे आयएसओ १५९१९ हे मानक ‘ळ’ आणि ‘ल’ यांत, किंवा ‘श’ आणि ‘ष’ यांत गोंधळ होऊ देत नाही.

अवतरण उतरवताना

ई-पुस्तकातून मजकूर उचलून आपल्या फाइलमध्ये चिकटवणे सोपे वाटते. युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये जुळवलेल्या मराठी पीडीएफमधून तसे केले की देवनागरीऐवजी रोमन अक्षरे आणि चिन्हे यांची खिचडी उतरते, ती निदान दिसते तरी. युनिकोडमधील पीडीएफ अधिक कपटी असते : ऱ्हस्व वेलांटी एका अक्षराने सरकते, रफार गळतो, ‘वर्ष’चे ‘वष’ होते आणि ते नजरेतून सुटते. अवतरण पडद्यावर पाहून हाताने टंकित करणे हाच खात्रीचा मार्ग आहे, आणि त्यानंतर ते एकदा मोठ्याने वाचून ताडून पाहावे.

येथे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्यविषयक विनियमांचाही संबंध येतो. साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही, आणि योग्य श्रेय देऊन घेतलेले अवतरण तसेच संदर्भसूची त्या मोजणीतून वगळायची असते. वगळण्यासाठी ते अवतरण आहे हे दिसावे लागते. अवतरणचिन्हे विसरलेल्या परिच्छेदाला शेवटची तळटीप वाचवत नाही.

झोटेरोसारखे मोफत साधन नोंदी सांभाळायला चांगले आहे, पण मराठी पुस्तकाचा आयएसबीएन घातल्यावर पुष्कळदा काहीच सापडत नाही किंवा अर्धवट रोमन नोंद येते. त्यामुळे नोंद हाताने भरावी, भाषेच्या रकान्यात मराठी निवडावी, आणि सूची तयार झाल्यावर देवनागरी नोंदींत घुसलेले इंग्रजी संक्षेप काढून ‘संपा.’, ‘अनु.’, ‘पृ.’ करावेत. ‘तत्रैव’ (म्हणजे आधीच्या तळटीपेतलेच पुस्तक) मात्र अगदी शेवटच्या वाचनातच घालावे. मध्ये एक तळटीप वाढली की ते भलत्याच पुस्तकाकडे बोट दाखवू लागते.

माझ्याकडे येणाऱ्या विद्यार्थ्यांना मी आता एक सवय लावली आहे. ई-पुस्तक उघडल्याबरोबर त्यांनी शीर्षकपृष्ठाचा आणि त्यामागील प्रकाशनविषयक पानाचा स्क्रीनशॉट घ्यायचा, आणि प्रत्येक अवतरणाच्या टिपणाशेजारी त्याच वेळी प्रकरण, उपशीर्षक व परिच्छेद लिहायचा. खानापूरच्या त्या विद्यार्थिनीला तिच्या एकेचाळीस तळटीपा अशा रीतीने पुन्हा बसवायला नऊ दिवस लागले, आणि त्यांतील दोन अवतरणे तिला कोणत्याच प्रतीत सापडली नाहीत; ती तिने प्रबंधातून काढून टाकली.